फौजेतून आल्यावर पुन्हा शिक्षण आणि जवानाच्या नावानं शिष्यवृत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणारे लोक दोन प्रकारचे. एक, फौजेतून पेन्शनवर आलेले किंवा येऊ घातलेले, ज्यांना राहिलेलं शिक्षण पुरं करायचं आहे. दुसरे, ज्यांच्या घरचा जवान गेला आणि त्याच्या नावानं शिकणाऱ्यांसाठी काही करावं असं ज्यांच्या मनात आहे. संभाजीनगरपासून हिंगोलीपर्यंत मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत दोन्ही प्रकारची माणसं आहेत, पण त्यांची एकमेकांशी गाठ सहसा पडत नाही. म्हणून दोघांचे प्रश्न एकाच ठिकाणी घेतले आहेत. आधी शिकणाऱ्यांचे, मग देणाऱ्यांचे.

दहावीवर भरती झालो, सतरा वर्षं नोकरी केली. आता वय अडतीस. या वयात शिकून उपयोग काय?

वाळूजला किंवा शेंद्र्याला कंपनीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी, किंवा तालुक्याच्या बँकेत बंदूकधारी गार्ड. आपल्याकडे आलेल्या जवानापुढे पहिल्या महिन्यात या दोनच नोकऱ्या येतात. त्यात कमीपणा काही नाही, पण सतरा वर्षं सिग्नल सेट, इंजिन, स्टोअरचा हिशेब किंवा चाळीस माणसांची पलटण सांभाळलेल्या माणसाला तेवढंच काम यावं, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. हातात सिव्हिलमधला कागद नसतो.

वयाची भीती मात्र वाटते तेवढी खरी नाही. सरकारी भरतीत माजी सैनिकाच्या वयातून सेवेची वर्षं वजा होतात आणि वर तीन वर्षांची सूट मिळते. म्हणजे सतरा वर्षं सेवा केलेला अडतिशीतला माणूस हिशेबाला अठरा वर्षांचा. बी.ए., बी.कॉम.च्या प्रवेशाला तर वयाची वरची अट नसतेच, आयटीआयलाही नाही. दोन-तीन वर्षं शिक्षणाला दिली म्हणून सगळं हातचं जातं, असं होत नाही.

पंधरा वर्षं सेवा झाली की ग्रॅज्युएट धरतात ना? रेकॉर्ड ऑफिसनं तसं सर्टिफिकेट दिलंय.

सगळ्यात जास्त गोंधळ याच सर्टिफिकेटाचा, म्हणून जरा सविस्तर.

दहावी पास आणि किमान पंधरा वर्षं सेवा झालेल्या, आणि आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन (किंवा नौदल-हवाईदलातलं त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र) असलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट क मधल्या पदवीची अट असलेल्या जागांसाठी पात्र धरतात. बँकांच्या क्लार्क भरतीतही ही सवलत आहे. म्हणजे हा कागद कामाचा आहे, जपून ठेवा.

पण ती नोकरीतली सवलत आहे, विद्यापीठाची पदवी नाही. त्यावर एम.ए.ला, बी.एड.ला, वकिलीला प्रवेश मिळेल असं धरून चालू नका. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेसारख्या ठिकाणी खरी पदवी लागते. घरी आलेला पाहुणा "तू तर ग्रॅज्युएटच आहेस की" म्हणतो, कोचिंगवाला तेच सांगून फी घेतो, आणि कागद तपासणीच्या दिवशी उमेदवार बाहेर. जाहिरातीतलं शैक्षणिक पात्रतेचं कलम स्वतः वाचा. माजी सैनिकांसाठी वेगळं वाक्य असेल तर ते तिथंच असतं, नसेल तर नाही.

माझी बारावीच झालेली नाही. सुरुवात कुठून करू?

१७ नंबरच्या फॉर्मपासून. राज्य मंडळाची बारावी खासगी विद्यार्थी म्हणून कला किंवा वाणिज्य शाखेतून देता येते, रोज कॉलेजात बसावं लागत नाही. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाकडे. लातूर, नांदेड, धाराशिव लातूर मंडळाकडे. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि जवळचं कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचं. मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो वीस वर्षांपूर्वी भरतीच्या वेळी कुठं जमा केला हे आठवत नसेल, तर आधी शाळेत जाऊन दुय्यम प्रत काढा. फॉर्मची मुदत सुरू झाल्यावर हे काम निघालं तर वर्ष गेलंच.

मुक्त विद्यापीठ बरं की रेग्युलर कॉलेज?

घरी बसून पदवी पुरी करायची असेल, शेती आणि नोकरी दोन्ही सांभाळायचं असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ पासून चालू आहे, मराठीतून शिकता येतं, विभागीय केंद्रं संभाजीनगर आणि नांदेडला आहेत आणि अभ्यासकेंद्रं तालुक्या-तालुक्यांत. फी काही हजारांत असते. इग्नूचाही, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचाही पर्याय आहे, पण तिथं हिंदी-इंग्रजीची सवय हवी. फौजेत ती बऱ्याच जणांना झालेली असते.

रेग्युलर कॉलेजचा फायदा वेगळा. रोजचं वाचन होतं, ग्रंथालय मिळतं, प्राध्यापक ओळखीचे होतात, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं भोवती असतात. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव इथली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली येतात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची कॉलेजं १९९४ साली वेगळ्या झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली. वर्गात अठरा वर्षांच्या पोरांत बसायची लाज वाटते, असं बरेच जण सांगतात. ती पहिला महिनाभर वाटते. संभाजीनगरच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ फौजेच्या शाळेत मास्तर होते, हे अशा वेळी आठवायला हरकत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे पेरणी आणि अ‍ॅडमिशन एकाच वेळी येतात. जूनमध्ये पाऊस पडला की माणूस रानात आणि इकडं ऑनलाइन अर्जाची तारीख निघून जाते. सोयाबीन चार दिवस उशिरा पेरलं तर पीक येतं, अर्ज चार दिवस उशिरा गेला तर पुढच्या जूनची वाट बघायची.

वकील व्हायचंय. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

चालते, पण रस्ता दहावी, बारावी, मग पदवी असाच हवा. बारावी न करता थेट मुक्त पद्धतीनं पदवी मिळवलेल्यांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे एलएल.बी.ला प्रवेश मिळत नाही. पूर्वी पूर्वतयारी परीक्षा देऊन बारावीशिवाय बी.ए. झालेले बरेच माजी सैनिक आहेत, ते नेमके इथं अडकतात. वकिलीचा विचार मनात असेल तर आधी १७ नंबर फॉर्म, मग बाकीचं. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के लागतात आणि राज्याची सीईटी द्यावी लागते.

माझं मत विचाराल तर चाळिशीत आलेल्या जवानाला वकिली फार चांगली. तालुका कोर्टात बांधाच्या भांडणापासून पेन्शनच्या तक्रारीपर्यंत कामं पडलेली असतात, आणि वर्दी घातलेल्या माणसावर गावाचा विश्वास असतो.

अजून दीड वर्ष नोकरी बाकी आहे. आत्ताच काही करून ठेवता येईल?

हा प्रश्न वेळेत विचारणारे फार थोडे. करता येईल आणि करावंच.

पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, निवृत्तीला आलेल्यांसाठी कोर्स चालवतं. जवान आणि जेसीओंना (सुभेदार वगैरे दर्जाच्यांना) त्याची फी पडत नाही. अधिकाऱ्यांच्या कोर्सची ६० टक्के फी डीजीआर भरतं. युनिटमध्ये नोटीस लागते, पण नाव द्यायला उशीर केला की आवडीचा कोर्स भरलेला असतो आणि मग "जे मिळेल ते" म्हणून सिक्युरिटीचाच कोर्स पदरात पडतो. कमांडिंग ऑफिसरची परवानगी घेऊन मुक्त विद्यापीठाची परीक्षाही नोकरीत राहून देता येते. युनिटचे एज्युकेशन जेसीओ यात मदत करतात, त्यांना गाठा.

आणि नोकरीत असतानाच उरकायची आणखी एक गोष्ट, नाव आणि जन्मतारखेचा मेळ. आपल्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस मास्तरांच्या कृपेनं १ जूनला येतो, ते ठीक. पण दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि डिस्चार्ज बुकात इंग्रजी स्पेलिंग तिसरंच, असं असेल तर विद्यापीठ, बँक, शिष्यवृत्ती सगळीकडं खोळंबा होतो. रेकॉर्ड ऑफिसमधली दुरुस्ती युनिटमार्फत जितकी सरळ होते तितकी घरी आल्यावर पोस्टानं होत नाही.

माजी सैनिकाला स्वतःच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळते का? प्रधानमंत्री शिष्यवृत्ती म्हणतात ती?

ती तुमच्यासाठी नाही, तुमच्या मुलांसाठी आहे. २००६-०७ पासून चालू असलेली ही योजना अधिकारी दर्जाखालच्या माजी सैनिकांच्या मुलामुलींना आणि जवानांच्या विधवा पत्नींना मिळते. व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्ज करायचा, बारावीला किमान ६० टक्के हवेत. मुलींना महिन्याला ३,०००, मुलांना २,५०० रुपये. दर वर्षी ५,५०० जणांची निवड होते. दुसऱ्या वर्षाला आठवण झाली तर उपयोग नाही. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला ती लागू होत नाही.

हवालदार आणि त्याखालच्या दर्जाच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डाकडून शिक्षण अनुदान आहे. ते महिन्याला १,००० होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,००० केलं. इंजिनिअरिंग प्रवेशात संरक्षण दलाचा जो कोटा असतो तोही पाल्यांसाठीच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वसतिगृहं काही जिल्ह्यांत आहेत, तिथंही मुलांची सोय होते.

म्हणजे बघा, बाप फौजेत होता म्हणून पोराला मदत मिळते, आणि ते रास्तच आहे. पण जो स्वतः फौजेत होता आणि आता पुस्तक उघडतोय त्याच्यासाठी फीचा आधार फारसा कुठं नाही. जातीच्या किंवा आर्थिक प्रवर्गाच्या, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या योजनांत बसत असाल तर त्या नक्की बघा, पण पेन्शन धरून उत्पन्नाची मर्यादा ओलांडली जाते का ते आधी तपासा. खासगी स्मृती-शिष्यवृत्त्यांची खरी गरज या मोकळ्या जागेत आहे. खाली देणाऱ्यांच्या प्रश्नांत ते येईलच.

मी अग्निवीर आहे. चार वर्षांनी परत आलो तर माझं काय?

अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरत येतात. जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम ठेवतात, बाकीचे एकवीस ते सत्तावीस या वयात घरी. हातात सेवा निधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, त्यावर आयकर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि योजनेच्या अटींप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणून माजी सैनिकांच्या सवलती तुम्हाला आपोआप लागू होतील असं समजू नका. अग्निवीरांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत वेगळं आरक्षण जाहीर झालेलं आहे, ते वेगळं बघायचं.

शिक्षणाच्या बाजूनं मात्र तुमची अवस्था जुन्या जवानापेक्षा बरी आहे. इग्नूनं अग्निवीरांसाठी तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी ठेवली आहे. त्यातले निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात, उरलेले निम्मे विषय शिकून मिळवायचे. दहावीवर भरती झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावीची सोय आहे. हे दोन्ही सेवेत असतानाच सुरू करा.

सेवा निधीबद्दल एकच सांगणं. पैसा येण्याआधीच त्याचे वाटेकरी ठरलेले असतात. कोणी बोअर घ्यायला सांगतं, कोणी ट्रॅक्टर, कोणी बहिणीचं लग्न. त्यातले दोन लाख शिक्षणाचे म्हणून वेगळ्या मुदतठेवीत टाका आणि ती पावती घरात फारशी दाखवू नका.

मेडिकल बोर्डवर बाहेर पडलो. पायाला कायमचं अपंगत्व आहे.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, वयातही पाच वर्षांची सूट आहे. त्यासाठी फौजेच्या बोर्डाचे कागद पुरत नाहीत, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढावं लागतं. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. पुण्यात खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ पासून जखमी आणि अपंग सैनिकांना तिथं हाताला काम देणारं शिक्षण देतात. आपल्याकडून लांब पडतं, पण चौकशी करण्याजोगं नक्कीच.

सीआरपीएफ, बीएसएफचे जवान यात येतात का?

सरकारी भाषेत ते 'माजी सैनिक' नाहीत. ती दलं गृह मंत्रालयाखाली आहेत आणि त्यांच्या पाल्यांसाठी प्रधानमंत्री शिष्यवृत्ती वेगळी चालते. सैनिक कल्याण कार्यालयात गेल्यावर "तुमचं इथं नाही" असं ऐकावं लागतं, त्याचं कारण हे. पण मुदखेड, लातूर आणि चाकूरला ज्यांच्या दलांची प्रशिक्षण केंद्रं आहेत ती माणसं आपल्याच गावची. खासगी शिष्यवृत्तीवाल्यांनी त्यांना घ्यायचं की नाही हे त्यांच्या हातात आहे. माझ्या मते घ्यावं.

शिकायचं मला नाही, मंडळींना आहे. नवरा फौजेत म्हणून तिचं शिक्षण बारावीवर थांबलं.

पलटण फिरली की घर फिरतं, आणि शिक्षण सुटतं ते बहुतेक वेळा बायकोचं. सरकारी योजनांत विधवा पत्नींसाठी तरतूद आहे. प्रधानमंत्री शिष्यवृत्ती आहे, पदव्युत्तर शिक्षणाला सैनिक बोर्डाचं अनुदान आहे. हयात जवानाच्या पत्नीसाठी वेगळं फार काही नाही. तिला मुक्त विद्यापीठ, किंवा नवीन धोरणातल्या टप्प्याटप्प्याच्या पदवीचा मार्ग सोयीचा. एक वर्ष पुरं केलं तरी प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. मध्ये बदली झाली तरी झालेलं वाया जात नाही. त्यासाठी क्रेडिट जमा होणारं एबीसी खातं पहिल्याच वर्षी उघडावं लागतं.

अमेरिकेत फौजेतून आलेल्यांना सरकार फुकट शिकवतं म्हणे. तिकडची एखादी शिष्यवृत्ती आपल्याला मिळेल का?

नाही, त्या तिथल्या फौजेतल्या लोकांसाठी आहेत. पण त्यांनी काय केलं ते देणाऱ्यांनी बघावं. दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच, २२ जून १९४४ ला तिथं जीआय बिल नावाचा कायदा झाला आणि परतलेल्या लाखो सैनिकांची कॉलेजची फी सरकारनं भरली. २००९ पासूनच्या नव्या कायद्यात साधारण ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च मिळतो. आणि एवढं असूनही स्मृती-शिष्यवृत्त्या आहेतच. पॅट टिलमन हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू मोठा करार सोडून २००२ मध्ये फौजेत गेला आणि २२ एप्रिल २००४ ला अफगाणिस्तानात मारला गेला. त्याच्या नावाच्या फाउंडेशनची शिष्यवृत्ती सेवेतल्या आणि माजी सैनिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना मिळते. गेलेल्या सैनिकाच्या नावानं जिवंत परतलेल्या सैनिकाला शिकवायचं, हा त्यातला विचार.

स्मृती-शिष्यवृत्तीच्या अर्जात काय लिहू? मला लिहिता येत नाही तेवढं.

शौर्याच्या गोष्टी नकोत. कोणता कोर्स, कुठं, किती वर्षांचा, फी किती, त्यातले तुमच्याकडं किती, उरलेले किती, आणि कोर्सनंतर काय करणार. पान-दीड पान बास. फौजेत कोणतं काम केलं ते सिव्हिलच्या माणसाला कळेल असं लिहा. "बीएचएम होतो" म्हणून कळत नाही, "शंभर माणसांची शिस्त, हजेरी आणि रोजची कामवाटणी माझ्याकडं होती" म्हटलं की कळतं.

सोबत कोणते कागद लागतात?

डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश (पीपीओ), जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटची मार्कशीट, प्रवेशाची पावती, आधार, बँक पासबुक. रेग्युलर कॉलेजला मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. राखीव प्रवर्गातून प्रवेश घेणार असाल तर जातवैधतेचा अर्ज सगळ्यात आधी टाका, वेळ त्यालाच लागतो.

आता देणाऱ्यांकडून. आमचा मुलगा सीमेवर गेला. त्याच्या नावानं दहावीच्या पहिल्या नंबरला बक्षीस देतो दर वर्षी. यात चूक काय?

चूक काहीच नाही, आणि तुमच्या दुःखात कोणी हिशेब काढावा असंही नाही. पण तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. दहावीला पंच्याण्णव टक्के घेतलेल्या पोराला शाळा बक्षीस देते, पतसंस्था देते, आमदार देतात, क्लासवाला तर फ्लेक्स लावतो. तुमचे पाच हजार त्या ढिगात जातात. त्याच गावात तुमच्या मुलाबरोबर भरती झालेला, त्याच्यासोबत मेसमध्ये जेवलेला एखादा गडी परत आलेला असतो आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची राहिली म्हणून परीक्षेला बसत नाही. त्याला शाल-नारळ कोणी देत नाही, कारण तो जिवंत आहे आणि त्याला पेन्शन आहे. तुमच्या मुलाचं नाव त्याच्या फीच्या पावतीवर जास्त शोभेल, असं मला वाटतं.

दोन्ही करायचं असेल तर करा. पहिल्या नंबरला पुस्तक द्या, रोख रक्कम शिकणाऱ्या जवानाला किंवा त्याच्या पत्नीला द्या.

किती पैसे लागतील? ट्रस्ट काढावा लागेल का?

स्वतःच्या खिशातून वर्षाला एका माणसाची फी भरणार असाल तर ट्रस्टची काही गरज नाही. थेट कॉलेजच्या खात्यावर भरा आणि पावती घ्या.

कायमचं करायचं असेल तर मूळ रक्कम ठेवून व्याजातून चालवतात. पाच लाख ठेवले आणि समजा सात टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला पस्तीस हजार. मुक्त विद्यापीठाची फी, पुस्तकं, अभ्यासकेंद्राला येण्या-जाण्याचं भाडं धरलं तरी एकापेक्षा जास्त जणांचं भागतं. ही रक्कम तुमच्या विश्वासातल्या कॉलेजला किंवा विद्यापीठाला स्मृती-निधी म्हणून देता येते. कोणाला द्यायची, किती द्यायची, उमेदवार न मिळाल्यास व्याजाचं काय करायचं, हे लेखी करारात घ्या. अट ढिली राहिली की काही वर्षांत तो निधी पुन्हा गुणवंतांच्या सत्काराकडं वळतो.

लोकांकडून वर्गणी जमा करणार असाल तर मात्र नोंदणी करा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० प्रमाणे धर्मादाय कार्यालयात विश्वस्त संस्था नोंदवायची, मग आयकर खात्याकडून देणगीवरच्या करसवलतीची मान्यता घ्यायची, लोक जिला ८०जी म्हणतात ती. त्यानंतर देणगीदाराला करात सूट मिळते, पण दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. गावातल्या पैशाला हिशेब नसला की तिसऱ्या वर्षी भावकीत बोलाचाली सुरू होते, हे वेगळं सांगायला नको.

पात्रतेची अट कशी लिहावी?

"माजी सैनिक ओळखपत्रधारक" एवढंच लिहिलं की अग्निवीर बाहेर पडतो, सीआरपीएफवाला बाहेर पडतो, बायको बाहेर पडते. ज्यांना द्यायचं त्यांची नावं घेऊन लिहा. टक्केवारीची अट शक्यतो नको. वीस वर्षांपूर्वीच्या दहावीच्या गुणांवरून आजच्या माणसाची निवड करण्यात अर्थ नाही. वयाची अट तर नकोच. जातीची, रेजिमेंटची अट घालावीशी वाटते, मुलाच्या पलटणीवर जीव असतो, पण तालुक्यापुरत्या शिष्यवृत्तीत एवढ्या चाळण्या लावल्या की अर्जच येत नाहीत. परिसराची अट मात्र ठेवा, स्वतःचा तालुका किंवा जिल्हा.

निवडीला तिघं पुरेत. घरचं एक माणूस, एक शिक्षक आणि एक निवृत्त फौजी. सरपंचांना बोलवा, कार्यक्रमाला.

पैसे एकदम द्यावेत की हप्त्यानं? पुण्यतिथी डिसेंबरात असते, तेव्हा दिलं तर?

हप्त्यानं, आणि फी कॉलेजच्या खात्यावर. पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळी जून-जुलैत, दुसरा परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी. पुस्तकं आणि भाड्याची छोटी रक्कम उमेदवाराच्या हातात द्या, तिची पावती मागू नका. पुण्यतिथीला, २६ जुलैच्या कारगिल विजय दिनाला किंवा १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाला फोटोपुढं नाव जाहीर करून प्रमाणपत्र द्यायचं तर जरूर द्या. पैसा मात्र त्याआधीच पोचलेला असू द्या, कारण डिसेंबरात चेक मिळालेल्या माणसानं जूनची फी सावकाराकडून आणलेली असते.